नेसरी परिसरातील निसर्गभेटी : एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील नेसरी हे गाव सरसेनापती प्रतापराव गुजर यांच्या बलिदानामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. या परिसराच्या इतिहासात डोंगर, झाडी, पाणी आणि वन्य प्राणी यांचे स्थान मात्र पार्श्वभूमीपुरतेच मानले गेले. प्रस्तुत निबंधात सतराव्या शतकापासून आजपर्यंत या मुलखात माणूस आणि निसर्ग यांची गाठ कोणत्या निमित्ताने पडली, तिची नोंद कोणी ठेवली आणि कोणाची नोंद राहून गेली, याचा विचार केला आहे. लष्कर, राज्यकारभार, वसाहती प्रशासन, संस्थानी शिकार आणि आधुनिक संरक्षण या पाच टप्प्यांतील साधनांबरोबरच स्थलनामे, देवराई व शेती या अलिखित साधनांकडेही येथे लक्ष वेधले आहे.

बीजसंज्ञा : नेसरी, आज्ञापत्र, झाडी, देवराई, राधानगरी, हत्ती, पर्यावरणीय इतिहास.

प्रस्तावना

इतिहास म्हणजे राजवटी, लढाया आणि तह यांची हकीकत, ही समजूत आता मागे पडली आहे. जमीन, पाणी, जंगल, पीक आणि प्राणी हेही इतिहासाचे घटक आहेत, हे पर्यावरणीय इतिहासाच्या अभ्यासाने दाखवून दिले आहे. तथापि मराठीतील स्थानिक इतिहासलेखनात निसर्ग बहुधा वर्णनापुरता येतो. प्रारंभी डोंगर, नदी, हवामान यांचा एक परिच्छेद लिहिला जातो आणि त्यानंतर निसर्ग लेखनातून नाहीसा होतो.

नेसरीच्या बाबतीत असे करणे विशेष गैरसोयीचे ठरते. या गावाचे नाव ज्या घटनेशी जोडले गेले, ती घटनाच एका खिंडीत घडली. ज्या राज्यकारभाराने या मुलखावर पुढे सत्ता चालविली, त्याच्या अमात्याने झाडांविषयी केलेला विचार आजही उद्धृत होतो. गेल्या सुमारे वीस वर्षांत चंदगड-आजऱ्याच्या शिवारात उतरलेल्या हत्तींनी माणूस आणि निसर्ग यांच्या संबंधाचा प्रश्न पुन्हा एकदा दाराशी आणून उभा केला आहे. या सर्व प्रसंगांना जोडणारा धागा शोधणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या अभ्यासासमोर दोन प्रश्न आहेत. पहिला, निरनिराळ्या काळांत एकाच डोंगराकडे पाहणाऱ्यांनी त्यात काय पाहिले? दुसरा, त्या पाहण्याची नोंद कोणी केली आणि ज्यांनी रोज त्या डोंगराशी व्यवहार केला त्यांची नोंद कोठे शोधावयाची? यासाठी बखर, पत्रव्यवहार, आज्ञापत्र, ब्रिटिशकालीन अहवाल व गॅझेटिअर, संरक्षणविषयक कायदे आणि स्थलनामे यांचा आधार घेऊन ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीने विवेचन केले आहे.

१. दोन हवामानांच्या सीमेवरचा मुलूख

नेसरी हे गडहिंग्लज तालुक्यातील गाव आजरा व चंदगड या तालुक्यांच्या लगत, घटप्रभेच्या खोऱ्यात वसले आहे. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा आणि त्यापलीकडे तळकोकण, पूर्वेला कर्नाटकाकडे उतरत जाणारे पठार, अशी या भागाची रचना आहे. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, आजरा व गडहिंग्लजवरून वाहत पुढे घटप्रभेस मिळते. चंदगड भागातून येणारी ताम्रपर्णीही घटप्रभेलाच मिळते आणि हे सारे पाणी अखेर कृष्णेत जाते.

आंबोलीच्या घाटमाथ्यावर वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे येताना पाऊस झपाट्याने घटतो आणि गडहिंग्लजच्या पूर्व भागात तो कोकणाच्या मानाने अगदीच अल्प उरतो. थोड्या अंतरात सदाहरित रान, जांभ्या दगडाचे उघडे सडे, भाताची खाचरे, नाचणीची वरकस जमीन, माळ आणि काळी जमीन असा क्रम लागतो. नेसरी या संक्रमणाच्या पट्ट्यात आहे. त्यामुळे रानातून शेतीकडे आणि घाटावरून कोकणाकडे जाणाऱ्या वाटा येथे स्वाभाविकपणे एकत्र येतात. या वाटांनी माणसे, बैलांचे तांडे व फौजा गेल्या आणि वन्य प्राणीही गेले. या भागाचा इतिहास समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

भूभाग निसर्गतः एक असला तरी राज्यकारभाराच्या दृष्टीने तो दीर्घकाळ तुटक राहिला. एकोणिसाव्या शतकात गडहिंग्लजचा भाग कोल्हापूर संस्थानात, आजरा इचलकरंजीकरांच्या जहागिरीत आणि चंदगड ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यात होते. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत चंदगड कोल्हापूर जिल्ह्यास जोडले गेले. परिणामी एकाच रानाची कागदपत्रे तीन निरनिराळ्या दप्तरांत विखुरली. या परिसराचा सलग निसर्गेतिहास लिहिला न जाण्यामागे हेही एक कारण आहे.

२. उमराणीचे पाणी आणि नेसरीची खिंड

१६७३ च्या उन्हाळ्यात विजापूरचा सरदार बहलोलखान स्वराज्यावर चालून आला. जतजवळील उमराणी येथे प्रतापराव गुजरांनी त्याला गाठले आणि त्याच्या फौजेचे पाणी तोडले. तहानेने व्याकूळ झालेल्या सैन्याला लढणे अशक्य झाले. खान शरण आला आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले. ही उदारता शिवछत्रपतींना मान्य झाली नाही. खान पुन्हा उलटून आला, तेव्हा महाराजांनी सरसेनापतींची कडक शब्दांत कानउघाडणी केली. त्यातूनच २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, नेसरीचा प्रसंग घडला. प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले.

या घटनेचे वीररसात्मक वर्णन महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेने ती घराघरांत पोहोचविली. परंतु साधनांच्या दृष्टीने पाहता येथे एक लक्षणीय बाब आढळते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत स्थळाचे नाव ‘जेसरी’ असे येते आणि मोठ्या युद्धाचे वर्णन येते. इंग्रजांच्या सेवेतील नारायण शेणवी याने घटनेनंतर थोड्याच आठवड्यांत, एप्रिल १६७४ मध्ये, मुंबईकर इंग्रजांना पाठविलेल्या पत्रात प्रतापराव सहा स्वारांसह दोन डोंगरांमधील अरुंद वाटेत मारले गेल्याचे आणि उरलेल्या सैन्याची कुमक त्यांना न मिळाल्याचे कळविले आहे. हा पत्रव्यवहार १९३१ मध्ये पुणे येथून प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी साधनसंग्रहात समाविष्ट आहे.

सात वीरांच्या कथेला आधार देणाऱ्या या पत्रात पराक्रमाच्या जोडीला भूगोलही आहे. दोन डोंगर, अरुंद वाट आणि मागे राहिलेले सैन्य एवढ्या तपशिलावरून खिंडीतील लढाईचे स्वरूप उलगडते. चिंचोळ्या वाटेत पुढे गेलेल्यांना मागच्यांची मदत वेळेवर मिळणे दुरापास्त असते. उमराणीला पाण्याने प्रतापरावांना साथ दिली, तर नेसरीला भूरचनेने त्यांच्या फौजेला त्यांच्यापासून तोडले. दोन्ही प्रसंगांत निसर्ग युद्धाचा प्रत्यक्ष घटक होता.

या टप्प्यावर निसर्गाकडे पाहण्याची दृष्टी लष्करी आहे. डोंगर म्हणजे आडोसा किंवा अडथळा, पाणी म्हणजे शत्रूची दुखरी नस, वाट म्हणजे संधी किंवा संकट. ज्या शेतकऱ्यांच्या शिवारातून या फौजा गेल्या त्यांच्या उभ्या पिकांचे, गुरांचे व पाणवठ्यांचे काय झाले, याविषयी ही साधने मौन पाळतात.

३. आज्ञापत्रातील झाड आणि रयत

या मौनाला पहिला छेद अठराव्या शतकाच्या प्रारंभी मिळतो. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास करवीरकर छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात सिद्ध केलेले ‘आज्ञापत्र’ हे मराठी राजनीतीवरील अनन्यसाधारण लेखन आहे. त्यातील वृक्षविषयक मजकूर आज अनेक फलकांवर व भाषणांत थेट शिवछत्रपतींचे आज्ञापत्र म्हणून दिला जातो. त्यामागील धोरण शिवकालीन परंपरेतून आले, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. कारण रामचंद्रपंत त्याच परंपरेत वाढले होते. परंतु प्रत्यक्ष लेखन करवीर राज्यातील आहे, हे नमूद करणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. नेसरीच्या दृष्टीने तर ते अधिकच महत्त्वाचे आहे, कारण हा मुलूख त्याच राज्याचा भाग होता.

आज्ञापत्रात झाडांचा विचार दोन ठिकाणी येतो. पहिला दुर्गांच्या प्रकरणात. गडाभोवतीची दाट झाडी हीच गडाची राखण असल्याने ती प्रयत्नपूर्वक वाढवावी आणि तीतील काठीही तोडू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. गडावर आंबा, चिंच, वड, पिंपळ यांसारखी झाडे लावण्याचीही सूचना आहे, कारण प्रसंगी त्यांचे लाकूड उपयोगी पडते. येथे झाडी हा तटबंदीचाच एक थर आहे. नेसरीच्या परिसरातील सामानगड, गंधर्वगड, कलानिधीगड, पारगड हे किल्ले डोळ्यांसमोर आणले, म्हणजे या सूचनेचा व्यावहारिक अर्थ कळतो.

दुसरा विचार आरमाराच्या प्रकरणात येतो आणि तो अधिक मूलगामी आहे. गलबतांसाठी लाकूड लागते. राज्यातील सागवानासारखी झाडे परवानगीने तोडावीत. आंबा-फणसाचे लाकूडही कामाचे असते, तथापि त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लावून लेकरांप्रमाणे बहुत काळ जतन केलेली असतात. ती तोडल्यास तिच्या दुःखाला पारावार राहत नाही आणि एकाला दुःख देऊन केलेले कार्य टिकत नाही. झाड अगदीच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये. आज्ञापत्राचा हा आशय सर्वश्रुत आहे.

या मजकुराला ‘पर्यावरणरक्षणाचा आद्य कायदा’ म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तसे म्हणणे कालविपर्यासाचे ठरेल. आज्ञापत्राला जंगल जंगल म्हणून राखावयाचे नाही. त्याला आरमार बांधावयाचे आहे. त्याचे खरे वेगळेपण अन्यत्र आहे. राज्याच्या गरजेची बाब मांडताना त्यात झाड लावणाऱ्याचे दुःख हिशेबात धरले आहे. झाडाचे मोल लाकडावर न ठरविता त्यामागच्या वर्षांवर ठरविले आहे आणि मोबदल्याच्या आधी संमती ठेवली आहे. सत्तेच्या लेखणीतून रयतेची झाडाशी असलेली जवळीक उमटल्याचे असे उदाहरण विरळा होय.

१८४४ मध्ये सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनी कोल्हापुरातील नव्या कारभाराविरुद्ध उठाव केला. इंग्रज फौजांनी तो मोडला आणि किल्ल्यांची बांधकामे उद्ध्वस्त केली. इतिहासग्रंथांत या घटनेचा विचार राजकीय अंगाने होतो. तिला आणखी एक अंग असावे, असे अनुमान करता येते. गड नाहीसा झाला म्हणजे गडाची राखण करणारा गडकरीही गेला आणि गडाभोवतीची काठी न तोडण्याच्या आज्ञेला अंमलदारच उरला नाही.

४. गणती आणि नामकरण

एकोणिसाव्या शतकात निसर्गाची नोंद ठेवण्याची पद्धत आमूलाग्र बदलली. मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची पाहणी करणारे लेफ्टनंट कर्नल डब्ल्यू. एच. साईक्स यांनी १८३१-३२ च्या सुमारास दख्खनमधील सस्तन प्राणी व पक्षी यांच्या याद्या लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडल्या. त्यांत रानकुत्र्याला त्यांनी ‘दुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा, असे शास्त्रीय नाव दिले आणि मराठी मुलखातील ‘कोळसून’ हे नावही नोंदविले. सह्याद्रीच्या गावांत हा प्राणी आजही कोळसुंदा किंवा कोळशिंदा म्हणून ओळखला जातो. पुढे शास्त्रज्ञांनी ही स्वतंत्र जाती न मानता आशियाई रानकुत्र्याच्या व्यापक जातीत तिचा समावेश केला. ज्या गुराख्यांकडून वा शिकाऱ्यांकडून हे नाव साईक्सपर्यंत पोहोचले असेल ते अनाम राहिले, परंतु त्यांचा शब्द मात्र शास्त्रग्रंथात टिकला.

१८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. एन. ए. डाल्झेल यांच्यासह त्यांनी लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. शास्त्रीय कुतूहल आणि जहाजांसाठी व बांधकामासाठी लागणाऱ्या लाकडाची चिंता, या दोन्ही प्रेरणा या काळात हातात हात घालून चालल्या. दक्षिण सह्याद्रीत डोंगरउतारावरील झाडी तोडून, जाळून राखेत नाचणी-वरी पेरण्याची ‘कुमरी’ पद्धती रूढ होती. ती वनांना घातक ठरवून तिच्यावर निर्बंध घालण्यात आले. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी राखीव व संरक्षित जंगलांची विभागणी पक्की केली. रयतेचा पूर्वापार वापर यापुढे हक्क न राहता सवलत ठरला.

कोल्हापूर संस्थानाबाबत मेजर डी. सी. ग्रॅहम यांचा सांख्यिकीय अहवाल १८५४ मध्ये आणि मुंबई इलाखा गॅझेटिअरचा कोल्हापूर खंड १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. बेळगावचा खंड त्यापूर्वी १८८४ मध्ये निघाला होता. नद्या, जमिनीचे प्रकार, झाडे, प्राणी, पिके यांची अशी पद्धतशीर नोंद या मुलखात पूर्वी झाली नव्हती आणि अभ्यासकाला ती आजही टाळता येत नाही. मात्र तिची मर्यादाही स्पष्ट आहे. या नोंदींत वाघ मारल्याचा आकडा असतो, पण वाघाच्या भीतीने सांजेला दार लावणाऱ्या घराची हकीकत नसते. लाकडाचे उत्पन्न असते, पण मोळी आणावयास गेलेल्या बाईची वाट नसते. आज्ञापत्राने हिशेबात धरलेले ‘दुःख’ या तक्त्यांत कोणत्याच रकान्यात बसत नाही.

५. शिकारीचे रान ते अभयारण्य

संस्थानी काळातील निसर्गदृष्टी पाहावयाची असल्यास नेसरीच्या उत्तर-पश्चिमेस राधानगरी-दाजीपूरकडे वळावे लागते. तेथील रान कोल्हापूरच्या छत्रपतींनी शिकारीसाठी राखून ठेवले होते. राजर्षी शाहू महाराज (राज्यकाल १८९४ ते १९२२) हे निष्णात शिकारी होते. माळावर चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करण्याची परंपराही कोल्हापुरात नांदली. चित्ते पाळणारे व पढविणारे चित्तेवान दरबारच्या पदरी होते. भारतीय चित्ता दुर्मीळ होत गेला, तेव्हा विसाव्या शतकात आफ्रिकेतून चित्ते आणून ही परंपरा चालू ठेवण्यात आली. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले, तेव्हा कोल्हापूरच्या या जुन्या आयातीचे स्मरण अभ्यासकांना होणे साहजिक होते.

शिकारीची हौस आणि रानाचे रक्षण या गोष्टी वरवर परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात राजाच्या शिकारीसाठी राखलेले रानच कुऱ्हाडीपासून वाचले. याच महाराजांनी १९०७ मध्ये भोगावतीवर राधानगरी धरणाच्या कामास प्रारंभ केला. डोंगरातील पाऊस अडवून तो शेतीला देण्याची ही दृष्टी त्या काळात असामान्य होती. धरण अनेक दशकांनी पूर्णत्वास गेले. एकाच डोंगररांगेत राजाने शिकार पाहिली आणि रयतेसाठी पाणीही पाहिले, ही बाब शाहूकालाचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात, १९५८ मध्ये, दाजीपूर येथे अभयारण्य घोषित झाले. महाराष्ट्रातील ते पहिले अभयारण्य मानले जाते. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ३५१.१६ चौरस किलोमीटरचे राधानगरी वन्यजीव अभयारण्य अस्तित्वात आले. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत कास, कोयना व चांदोली यांच्यासह राधानगरीचाही समावेश आहे. प्रारंभीच्या अभयारण्याचे नाव ‘बायसन’ या इंग्रजी शब्दावरून पडले. वस्तुतः बायसन हा उत्तर अमेरिका व युरोपातील प्राणी होय. सह्याद्रीतला प्राणी गवा आहे आणि येथील माणूस त्याला गवाच म्हणतो. शिकाऱ्याच्या तोंडचा शब्द सरकारी फलकावर कसा चढला आणि गावाचा शब्द कसा खाली राहिला, याचे हे बोलके उदाहरण आहे.

६. रयतेची वही

लिखित साधनांत रयतेची नोंद तुरळक असली, तरी ती अजिबात नाही असे नव्हे. ती निराळ्या वहीत आहे. तिचे पहिले पान म्हणजे स्थलनामे. सांबरे, वाघराळी, जांभूळवाडी, हत्तिवडे ही नेसरी-आजरा टापूतील गावांची नावे पाहिली म्हणजे प्राण्यांची व झाडांची आठवण सहज होते. अर्थात नावाच्या साम्यावरून व्युत्पत्ती ठरविणे धोक्याचे असते. या सीमाभागातील अनेक नावांवर कन्नडची छाया आहे आणि मराठी कानाला ओळखीचा वाटणारा शब्द मुळात दुसराच असू शकतो. तथापि शेताची, ओढ्यांची व टेकांची नावे गावागावांतून गोळा करून भाषाशास्त्राच्या कसोटीवर तपासल्यास या परिसरातील प्राणी-वनस्पतींच्या पूर्वीच्या वावराविषयी मौलिक पुरावा हाती येऊ शकेल.

दुसरे पान देवराईचे. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालत नाही, वाळलेले लाकूडही अनेक ठिकाणी उचलत नाहीत. डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे जैविक महत्त्व जगापुढे मांडले. देवराईमागे भीती आहे, श्रद्धा आहे आणि गावाचा सामाईक निर्णयही आहे. राजाज्ञेवाचून शतकानुशतके टिकलेली ही व्यवस्था आहे.

याचा अलीकडचा पुरावा खुद्द हिरण्यकेशीच्या उगमाशी मिळाला. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिरातील कुंडात आढळलेल्या माशाची नवी जाती म्हणून २०२० मध्ये नोंद झाली आणि तिला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नाव मिळाले. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या स्थळाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. ज्या कुंडातील पाणी भाविकांनी पवित्र मानले त्याच पाण्यात हा मासा टिकून राहिला. शास्त्राला तो २०२० मध्ये भेटला. गावाला तो नावावाचून आधीच माहीत असणार.

तिसरे पान शेतीचे आहे. आजऱ्याच्या घनसाळ या सुवासिक भाताला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. अधिक उत्पन्न देणाऱ्या जाती आल्यानंतरही हे बियाणे घरच्या कणगीत राखणाऱ्या शेतकऱ्यांनी आपल्या मातीची व पावसाची पारख कागदावर लिहिली नाही, बियाण्यात जपली. इतिहासाच्या अभ्यासकाला हे साधन वाचता आले पाहिजे.

७. हत्तीची वाट

२००२ च्या सुमारास कर्नाटकातील दांडेलीच्या बाजूने हत्ती सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग भागात उतरले. पुढील काळात चंदगड व आजरा तालुक्यांतही त्यांचा वावर सुरू झाला. मूळ अधिवासाचे तुकडे होणे, धरणे, खाणी, रस्ते आणि वाटेत सहज मिळणारी बागायती पिके अशी या स्थलांतराची कारणे सांगितली जातात. ऊस, भात, केळी, माड, काजू यांचे एका रात्रीत होणारे नुकसान शेतकऱ्याला वर्षभर मागे ढकलते. रानडुकरांपासून पिकाची राखण करण्यासाठी माळ्यावर रात्र काढण्याचा या भागाला सराव होता, पण टस्करापुढे माळा आणि आरोळी दोन्ही निष्प्रभ ठरतात.

हत्तींच्या संदर्भात ‘घुसखोरी’ हा शब्द वृत्तपत्रांतून रूढ झाला आहे. भूगोलाच्या दृष्टीने तो तपासून घ्यावा लागेल. कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पापासून तिलारी, चंदगड, आजरा, राधानगरीमार्गे २०१० मध्ये स्थापन झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पापर्यंत डोंगराची सलग रांग आहे. राज्यांच्या, जिल्ह्यांच्या व तालुक्यांच्या सीमा या रांगेला अलीकडे आडव्या आल्या आहेत. २०२० नंतर या रांगेतील काही वनक्षेत्रांना संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यात आला, त्यामागे ही सलगता जपण्याचाच विचार आहे. ज्या वाटांनी एके काळी फौजा व तांडे गेले, त्याच भूरचनेचा आधार प्राण्यांनाही आहे.

परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहता हे विवेचन अपुरे आहे. त्याच्या बांधावर उभा असलेला हत्ती हा जागतिक वारशाचा भाग आहे, हे ऐकून त्याचे मोडलेले माड उभे राहत नाहीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७५ चा खाजगी वने संपादन कायदा, १९८० चा वनसंवर्धन कायदा हे सर्व कायदे आवश्यक होते. मात्र त्यांतून त्याच्या वाट्याला प्रामुख्याने निर्बंध आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्यांच्या व पारंपरिक वनवापर करणाऱ्यांच्या हक्कांना मान्यता दिली, हा अलीकडचा महत्त्वाचा अपवाद होय. दुसरीकडे जांभ्याच्या सड्यांवरील बॉक्साइटचे उत्खनन आणि डोंगरउतारावरील वाढती लागवड यांनी रानाचा आडोसाही आक्रसला.

येथे आज्ञापत्राशी तुलना उद्बोधक ठरते. नुकसान झाल्यावर पंचनामा होतो, झाडे मोजली जातात आणि ठरलेल्या दराने भरपाई मिळते. आज्ञापत्रातील मोबदल्याचे तत्त्व येथे आहे. मात्र झाडामागच्या वर्षांचा विचार आणि धन्याची संमती, ही दोन तत्त्वे पंचनाम्याच्या कागदावर उतरत नाहीत. पंधरा वर्षे वाढविलेला माड आणि तीन वर्षांचा माड यांतील अंतर केवळ दराचे नसते. रानाविषयीचे निर्णय घेताना रानाच्या कडेला राहणाऱ्यांना आधी विचारणे, ही तीनशे वर्षांपूर्वी याच राज्यात उच्चारलेली अपेक्षा अद्याप पुरी झालेली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली, नेसरी परिसरात निसर्ग हा इतिहासाचा सक्रिय घटक राहिला आहे. उमराणीचे पाणी आणि नेसरीची खिंड वगळून १६७३-७४ च्या घटनांचा पूर्ण अर्थ लागत नाही.

दुसरी, निसर्गाची लिखित नोंद प्रत्येक काळात सत्तेच्या तत्कालीन गरजेतून झाली. सेनानीने वाट पाहिली, अमात्याने लाकूड पाहिले, इंग्रज अधिकाऱ्याने उत्पन्न व जाती पाहिल्या, संस्थानिकाने शिकार पाहिली. आधुनिक शासन अधिवास पाहते. यांपैकी कोणतीही दृष्टी खोटी नाही, परंतु कोणतीही पुरेशी नाही.

तिसरी, आज्ञापत्राचे महत्त्व वृक्षप्रेमापेक्षा रयतेच्या दुःखाला राज्याच्या हिशेबात स्थान देण्यात आहे. त्याचा गौरव करताना हा भाग वगळला जातो आणि केवळ झाडे लावा असा बोध घेतला जातो, ही खेदाची बाब होय.

चौथी, रयतेचा निसर्गानुभव स्थलनामे, देवराई, पाणवठे व बियाणे यांत साठविलेला आहे आणि तो झपाट्याने विस्मृतीत जात आहे. बुलडोझर फिरलेल्या टेकाडाबरोबर त्याचे नावही जाते. ओढ्याची जुनी नावे जाणणारी, कोळसुंद्यांचा कळप पाहिलेली पिढी आता थोडी उरली आहे.

ग्रामीण भागातील महाविद्यालयांना या कामी मोठी संधी आहे. येथे शिकणारे विद्यार्थी याच शिवारांतून येतात. इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन गावनिहाय शिवारनामांची यादी, देवरायांची नोंद, वृद्धांच्या मुलाखती व पीक-नुकसानीच्या हकिकती यांचे संकलन केल्यास तीन दप्तरांत विखुरलेल्या या मुलखाचा इतिहास प्रथमच सलगपणे मांडता येईल. नेसरीच्या खिंडीत स्मारक उभे आहे आणि तेथे येणारा प्रत्येक जण सात वीरांसमोर नतमस्तक होतो. त्याच खिंडीच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांवर कोणती झाडे होती, तेथील ओढ्याला काय म्हणत आणि त्या वाटेने आणखी कोण जात असे, हे विचारणे म्हणजे त्या इतिहासाचाच पुढील अभ्यास होय.